न दिलेला फाउल

मॉरिसव्हिल
१६ जून २०२५

चि. सुमंत यास,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून ताईनं कागद का काढला, असं वाटेल तुला. इथं फोनवर बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते माझ्या लेकाच्या, सिद्धेशच्याच कानावर आज तरी जायला नको. नेपरव्हिलला ऊन कितपत आहे, तुझा गुडघा काय म्हणतो, ते कळव. डॉक्टर माणसाला स्वतःचा गुडघा बरा करता येऊ नये, कमाल आहे.

इथल्या मुलांना खो-खो शिकवते, हे तुला ठाऊक आहेच. गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दोनशे पावलांवरचं कुंपणातलं फाटक हीच माझी वेस. फाटकापलीकडे काळ्या लोकांची जुनी वस्ती, आमची ही नवी घरं उठायच्या कितीतरी आधीची, आणि त्यांच्या चर्चचं मैदान. तिथल्या मिस लोरेन माझ्याच वयाच्या. त्यांची नात इमानी सोळा वर्षांची आहे. असं पळणं मी कोल्हापूर सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आपली पोरं एका टोकाला, त्यांची दुसऱ्या. मी ओळीत एक आपलं, एक त्यांचं असं बसवलं आणि स्वतःवरच खूश झाले. मग बघते तर काय, एकाआड एक तोंड फिरवून बसायचं असतं ना, त्यामुळे आपली सगळी आपल्या घरांकडे बघतायत आणि त्यांची सगळी चर्चकडे! पुन्हा उठवलं, दोन आपली, दोन त्यांची केली. महिन्याभरात कोण कुणाचं हे मलाही आठवेना.

काल सलोनीचं मनगट मोडलं. सलोनी ही केदारची मुलगी. केदार ऑफिसात सिद्धेशचा साहेब आणि आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचा अध्यक्ष. इमानी तिला मागून खो द्यायला आली आणि सलोनी आपटली. कुंपणाशी उभ्या असलेल्या आयांना तेवढंच दिसलं. एकीनं व्हिडिओ काढला, त्यातही पुढे आलेला हात आणि पडणारी पोर, एवढंच. काळ्या मुलीनं ढकललं, हे तासाभरात घरोघर झालं. २८ तारखेला असोसिएशनची मीटिंग आहे. फाटक कायमचं बंद करायचं आणि इमानीची पोलिसांत तक्रार द्यायची, असं घाटतंय. धावण्याच्या उन्हाळी शिबिरात तिला जागा मिळालीय, कॉलेजवाले तिथूनच मुलं उचलतात. तक्रार झाली की ती जागा गेली.

सुमंत, इमानीचा हात सलोनीला लागलाच नव्हता. खो मिळायच्या आधीच सलोनी उठली आणि घाईत पाय मुरगळून पडली. धडधडीत फाउल. मी पंच होते, दहा हातांवर उभी होते, मला दिसलं. तेवढ्यात केदार धावत येताना दिसला आणि माझं तोंड उघडलं नाही. सिद्धेश ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षं थांबलाय, आणि कंपनीच्या पुढच्या कागदावर सही केदारचीच लागते. माझा मुक्काम वाढवायचा अर्जही अजून लटकलेला.

सातवी शिकलेल्या तुझ्या बहिणीनं हट्टानं पंचाची परीक्षा दिली, ती हे बघायला का? काय करू सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुवर्णाताई


नेपरव्हिल
२१ जून २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीनं, कांचननं आधी वाचलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं, त्यामुळे आता आम्हा दोघांचंही जेवणात लक्ष नाही. गुडघा तुला हसतोय.

ताई, तू गप्प राहा. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण पंचेचाळीस वर्षं या देशात काढलेला माणूस म्हणून सांगतो. आम्ही आलो तेव्हा मान खाली घालून काम केलं, गोऱ्यांशी हसून वागलो आणि काळ्यांपासून चार हात लांब राहिलो. त्यावरच ही घरं उभी आहेत. तू पाहुणी आहेस. सिद्धेशची नोकरी गेली तर त्याला साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल.

चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात एक काळा मदतनीस होता. औषधं चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. त्या वेळी तो माझ्यासोबत दुसऱ्या मजल्यावर होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. चौकशीच्या दिवशी मी रजा टाकली. आज प्रथमच कुणाला सांगतोय. सुरुवातीला फार लागतं, मग सवय होते.

तब्येतीला जप. धाकट्यावर राग धरू नकोस.
तुझा,
सुमंत


मॉरिसव्हिल
२५ जून २०२५

चि. सुमंत यास,
अनेक आशीर्वाद.

सवय होते म्हणतोस, आणि चाळीस वर्षांनी बहिणीला कागदावर लिहून कळवतोस. बरी झाली की सवय!

सिद्धेशला सगळं सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझे पाय धरले. आई, तू दोन-चार महिन्यांत जाशील, मला इथंच राहायचंय, म्हणाला. त्याला इथून हलता येत नाही, आणि त्याच्याशिवाय मला लांब कुठं जाता येत नाही. सून रुचा दोघांच्या मध्ये चहाचे कप ठेवून निघून जाते. मी फाटकापर्यंत जाते आणि परत येते. पलीकडे मिस लोरेन पायऱ्यांवर बसलेल्या दिसतात. हात करायचा धीर होत नाही.

आठवणीत असू दे.
तुझी,
सुवर्णाताई


मॉरिसव्हिल
७ जुलै २०२५

चि. सुमंत यास,
अनेक आशीर्वाद.

मीटिंग झाली. मी सिद्धेशच्या मागोमाग जाऊन बसले, त्यानं अडवलं नाही. व्हिडिओ तीनदा दाखवला. कुणाला काही बोलायचंय का, असं विचारल्यावर मी उभी राहिले. केदारनं फार नम्रपणे सांगितलं, की काकू, इथं फक्त घरमालकांना दोन मिनिटं बोलता येतं, पाहुण्यांना नाही. मी खाली बसले. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंच वाटलं.

आणि सिद्धेश उठला. एवढंच म्हणाला, "माझी दोन मिनिटं आईला द्या."

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी पंच होते, सलोनी आधी उठली, हात लागला नाही, मी पाहिलं आणि भीतीनं सांगितलं नाही, एवढं सांगितलं. दोन मिनिटांतली निम्मीही लागली नाहीत. केदारनं मुलीकडे पाहिलं. सलोनी प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, की आजी सांगतात ते खरं आहे, आईला मी त्याच दिवशी सांगितलं होतं, आई म्हणाली आता बोलू नकोस. म्हणजे बघ, एकट्या माझ्याच तोंडाला कुलूप नव्हतं.

तक्रार बारगळली. फाटक मात्र बंद झालं. विमा, जबाबदारी असले शब्द निघाले आणि भराभर हात वर गेले. दुसऱ्या दिवशी कुलूपही लागलं.

मी मिस लोरेनकडे माफी मागायला गेले, चार मैलांच्या वळशानं, रुचाच्या गाडीतून. त्यांनी लिंबाचं सरबत दिलं. मग म्हणाल्या, की तुम्ही पाहिलंय हे इमानीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी दोन आठवडे तुमच्या फाटकाकडे बघत बसले होते. मी सरबत संपवलं. निघताना त्यांनी रविवारी किती वाजता येणार ते विचारलं.

काल गेलो. आपली मुलं पाचच आली, सलोनी धरून. इमानीही आली, शिबिर पुढच्या आठवड्यात आहे तिचं. खेळली, पण माझ्याकडे बघत नव्हती. बघावं तरी का? ओळीत एक जण कमी पडला, तेव्हा सिद्धेशला बसवला. बेचाळीस वर्षांचं पोट घेऊन बसला कसाबसा, तोंड चर्चकडे, पाठ आपल्या घरांकडे. केदारनं अजून सही केलेली नाही. करेल की नाही, कुणाला ठाऊक. ऑफिसात नुसती मान हलवतो म्हणे.

इमानीनं मागून येऊन त्याच्या पाठीवर सणसणीत खो दिला. हा उठला, उजवीकडे दोन पावलं धावला आणि गडी निसटताना दिसताच गर्रकन मागे वळला. एकदा धरलेली दिशा सोडायची नसते, हे चार वेळा सांगितलं होतं. इमानी जोरात ओरडली, फाउल! आणि ओरडून थेट माझ्याकडे बघत उभी राहिली. सगळी मुलं थांबली.

मी लगेच दिला.

कांचनला आशीर्वाद. त्या मदतनीसाचं नाव तू लिहिलं नाहीस. आठवत असेल तर कळव.

लोभ आहेच, त्याला खंड पडू देऊ नकोस.
तुझी,
सुवर्णाताई