चार चमचे आणि अर्धा तास

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कालपासून कानात एक आवाज घुमतोय. आपली ती एकाच खोलीची शाळा, चारही इयत्ता डोलत डोलत कविता चालीवर म्हणतायत, आणि नेमकं कडवं संपताना तुझ्याखालचा बाक कडाडकन मोडला. मास्तर म्हणाले होते, यमक जुळलं. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यात मोठ्याने तू.

आता तू लिहितोस की स्टुलावर बसलास तर ते कुरकुरतसुद्धा नाही. डॉक्टरांनी पोट कापून केळ्याएवढं केलं त्याला वर्ष झालं आणि अठ्ठावन्न किलो गेले. अरे, आपल्या घरातून एक अख्खा माणूसच उठून गेला की! आनंद झाला. थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

हॉस्पिटलचा फॉर्म मिळाला. ऑपरेशननंतर आयुष्य कसं चाललंय, दहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. खाली सही ठोकून कोरा मला पाठवलास ते बरं केलंस. शाळेच्या दाखल्यापासून तुझे सगळे फॉर्म मीच तर भरलेत. तुझी वर्षभराची पत्रं पुढ्यात घेऊन बसलो. तीन मजले न थांबता चढतोस, चार गुण. बुटाची नाडी स्वतः बांधतोस, पाच. घोरणं थांबलं, पाच, तेही तुझ्या बायकोच्या वतीने. एका प्रश्नाला मात्र शून्य दिलं आहे: घरच्यांबरोबर जेवता का? तूच कळवलं होतंस की ओट्याशी उभ्याउभ्या चार चमचे गिळतोस आणि घराबाहेर सटकतोस.

फॉर्म परस्पर पोस्टात टाकला. फोन करू नकोस, फोनवरचं मला ऐकू येत नाही. लिही. आमच्यावरचा लोभ वजनाबरोबर उतरू देऊ नकोस.

तुझा
दादा

१९ जून

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, काय करून ठेवलंत हे! शंभरपैकी सदतीस! जन्मभर कवितेच्या पेपरात तुम्ही कुणाला दहापैकी पाचाच्या वर जाऊ दिलं नाही, हे हॉस्पिटलला कसं माहीत असणार? त्यांना वाटलं मी जिवाचं काही बरंवाईट करून घेणार. आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. समुपदेशक बाईंनी माझ्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला. मी म्हटलं मी ठणठणीत आहे, तर त्या आणखीच हळू आवाजात बोलायला लागल्या.

खरंच ठणठणीत आहे हो. कामावर वजनकाट्याशी ट्रक तोलून घ्यायला येणारे मला रोडरोलर म्हणायचे. परवा एकजण मलाच विचारत होता, इथल्या रोडरोलरची बदली कुठे झाली. खुर्चीच्या हातांमध्ये मावतो. मांडीवर मांडी टाकता येते, उगाचच टाकून बसतो.

पण बाईंनी तुमचा फॉर्म मोठ्याने वाचला. शून्याशी आल्यावर आमचं सरकार पहिल्यांदा बोललं. म्हणाली, एवढा एक आकडा बरोबर आहे. एकतीस वर्षं एका माणसासमोर बसून जेवले, आता फ्रिजसमोर जेवते. त्या दिवसापासून घरात शब्द नाही. आता चार चमच्यांसाठी ताट कसलं मांडायचं, तुम्हीच सांगा. रागावलोय, तरी लोभ असू द्यावा.

आपला
धाकटा

२६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माफी मागणार नाही. सदतीस हा माझ्या हातचा चांगला निकाल आहे. समुपदेशक बाईंना माझा नमस्कार सांग.

फॉर्मला एक सूचनापत्र टाचलेलं होतं. तू वाचलं नसणारच, तू धड्याखालच्या टिपा कधी वाचल्यास? त्यात लिहिलंय की लहान चमचा घ्यावा, बसून खावं, घास बारीक चावावा आणि जेवणाला अर्धा तास लावावा. चार चमच्यांना अर्धा तास! तुझ्या सरकारचं अख्खं जेवण तेवढ्यात होतं. म्हणजे शिस्तीत खाल्लंस तर दोघं एकदम हात धुवायला उठाल. तू मात्र तीन मिनिटांत गिळतोस आणि मग पोटात कळ आली म्हणून मला दोन पानं लिहितोस.

तेव्हा थोडं खातो म्हणून उठतो, ही थाप मला मारू नकोस. चाळीस वर्षं निबंध तपासलेत, कुठे मुलगा स्वतःचं लिहितोय आणि कुठे नाही ते वासावरून कळतं. का उठतोस ते लिही. लोभ आहे म्हणूनच विचारतोय.

दादा

५ जुलै

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहितो. जेवताना आम्ही जेवणाबद्दलच बोलायचो. सकाळी संध्याकाळचं काय, संध्याकाळी उद्याचं काय. मीठ, तिखट, कालचं जास्त जमलं होतं की आजचं, यावर आमचे तास गेले, भांडणं झाली, समेट झाले. दुसरं काही लागलंच नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिच्यासमोर बसलो आणि तोंडातून शब्द फुटेना. ती माझ्या वाटीकडे बघते, मी तिच्या ताटाकडे. मला भीती वाटते, दादा. एवढा मोठा होतो तेव्हा आत खूप काही असेल असं तिला वाटलं असणार. आता तिला कळेल की नुसतीच चरबी होती. म्हणून पळतो.

आज सकाळी ती बॅग घेऊन गेली. माझ्या पँटी पाचव्यांदा आत घेणाऱ्या नाक्यावरच्या शिंप्याला सांगून गेली की जिथे माणूस समोर बसतो तिथे चाललेय. मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, इथे नाही, आणि असती तरी सांगितलं नसतं. ती परत नाही आली तर हे बारीक अंग घेऊन मी काय करू? काहीतरी सुचवा. लोभाची आज फार गरज आहे.

धाकटा

८ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गाढवा, तुझं पत्र चारदा वाचलं. चाळीस वर्षं मुलांना आतून आलेलं लिहा म्हणून ओरडलो, एकानेही असं लिहिलं नाही. आणि तू म्हणतोस आत काही नव्हतं! हे मला कशाला लिहितोस? जिला सांगायचं तिला सांग. मेहुणीच्या दाराशी जा, ती हाकलेल, पायरीवर बस. आता पायरीवर दुसऱ्यालाही जागा उरते. मग

बेल वाजली. पेपरवाला असेल. थांब.

पेपरवाला नव्हे, तुझं सरकार आहे! मेहुणीकडे तीन दिवस राहून, बॅगेसकट तीन मजले चढून आली आहे. धाप लागलेली असतानाच मला फैलावर घेतलं. म्हणते, दादा, तुम्ही दोघं एकमेकांना पानंच्या पानं लिहिता, मला त्या माणसाकडून एक ओळ मिळत नाही. तुमच्याशी तो एवढं काय बोलतो ते मला सांगा, मीही तेवढंच बोलीन, पण त्याला माझ्यासमोर बसवा.

मी तिला पाणी आणायला आत जाऊन आलो. तुझं पत्र टेबलावर उघडंच होतं. तिने चष्मा लावला आहे. मी अडवलेलं नाही.

दादा