नोटीस आणि क्लासेनचा अंगठा

१२ जानेवारी
प्रांत सरकार आम्हा डॉक्टरांना पेशंटच्या दर भेटीमागे पैसे देतं, ते दर पुन्हा कापले. लांबलेल्या तपासणीचे जादा पैसे बंद. किळस आली. फॅमिली डॉक्टर म्हणजे यांना काय प्लंबर वाटला? डोरीन म्हणाली, प्लंबर तुझ्यापेक्षा जास्त घेतो. बायकोला प्रत्येक गोष्टीवर बोलायलाच हवं का?

क्लिनिकच्या भिंतीवर पाटी लावली: एका भेटीत एकच तक्रार. म्हातारा क्लासेन खोकला दाखवायला आला आणि उठता उठता मोजा काढला. बुरशी लागलेला अंगठा. दर वेळी तोच. म्हणे, ही तक्रार नाही डॉक्टर, नुसतं बघून घ्या. बघितला. दुपारी घास उतरला नाही.

२० जानेवारी
निर्णय पक्का. प्रांत सोडणार! म्हणजे सोडणार नाही, सोडणार असं सांगणार. दारावर तीन महिन्यांची रीतसर नोटीस. गाव हादरेल, आरोग्यमंत्रीणबाईंना भंडावून सोडेल, बाई नमतील. मागणी साधी: भेटीमागे पैसे नकोत, नावावरच्या पेशंटमागे वर्षाचे द्या. माझ्या नावावर अख्खं गाव आहे. रिसेप्शनवरची व्हर्ला म्हणाली, डॉक्टर, लोकांना खरं वाटेल हो. म्हटलं, वाटायलाच हवं.

२३ जानेवारी
फोन थांबत नाही. व्हर्ला सांगते, सगळे आपापल्या फाइली मागतायत. धक्का बसला की माणूस काहीही मागतो.

२ फेब्रुवारी
बर्फाच्या रिंकवर कर्लिंग खेळायला गेलो. विनवण्या ऐकायची मनाची तयारी करून. मेंढ्या पाळणारा ओरेस्ट, माझा जुना पेशंट, म्हणाला, डॉक, तो बाळं तोलायचा काटा विकणार का? कोकरांना होईल. चर्चमधल्या बायकांनी माझ्या निरोपाच्या जेवणासाठी, पेरोगींचे उकडलेले कानवले करायला, तारीख विचारली. तारीख ठरलेली नाही म्हटलं. त्यांनी ठरवली.

शी! काय माणसं!

११ फेब्रुवारी
शेजारच्या गावात एक नर्स स्वतःचं क्लिनिक काढतेय; इथे तशा नर्सना पेशंट तपासून औषध लिहून द्यायची परवानगी असते. बर्फात पहाटेपासून नाव नोंदवायची रांग. नवी नावं घेतायत कळलं की इथे अशी रांग लागतेच. पण ती डॉक्टर नसलेल्यांची. माझ्या लोकांना डॉक्टर आहे. (ओरेस्ट रांगेत दिसला. कोणाला तरी सोडायला आला असेल.)

२६ फेब्रुवारी
व्हर्लाने नोकरी सोडली. त्या नर्सच्या क्लिनिकला रिसेप्शनिस्ट हवी होती. म्हणाली, तुम्ही निघालात डॉक्टर, मी कुठे जाऊ? मी निघालो नाही, हे तिला माहीत होतं. म्हणाली, हो, पण ते तुम्ही कोणाला सांगितलंत?

९ मार्च
विजय! सरकार नमलं. नावावरच्या पेशंटमागे वर्षाचे पैसे. अक्षरशः माझी मागणी! नोटीस स्वतः फाडली, वाइन उघडली. डोरीनने विचारलं, नावावर आता किती उरलेत? म्हटलं, आजच्या दिवशी आकड्यांत शिरू नकोस.

१० मार्च
सकाळपासून कोणी नाही. खुर्च्या सरळ केल्या. मग पुन्हा सरळ केल्या.

दुपारी क्लासेन आला. इतका आनंद झाला की उठून त्याचा कोट मी घेतला. म्हणाला, फाइल न्यायला आलोय, नर्सबाईंनी मागितलीय. फाइल दिली. हात हलवून निघाला. मी विचारलं, अंगठा? त्याने पाटीकडे बोट केलं. म्हणाला, फाइल झाली ना डॉक्टर, आजची एक तक्रार संपली.

म्हटलं, बसा हो.

मोजा मीच काढला.