रतनचा शेवट

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

रतन मरत नाही!

माझ्या पुस्तकावर पिक्चर काढणाऱ्या विराजने फोनवर किती सहज सांगितलं. ‘मॅडम, पटकथा पाठवलीय. शेवटाला थोडा बदल आहे.’ थोडा! मोबाईलवर मला अक्षरं लागेनात, म्हणून वसंतांनी बाजारपेठेतून छापून आणली. एकशेबारा पानं. एकशेदहाव्या पानावर रतन पुरात पडते, एकशेअकराव्यावर उंबराच्या मुळीला धरून राहते, आणि एकशेबाराव्यावर सगळं गाव नाचतं.

माझ्या पुस्तकात उंबर नाहीच. रतन चौथीत आहे. ओढ्यापलीकडच्या वाडीतून रोज साकवावरून, त्या लाकडी ओंडक्यांवरून, शाळेत येते. एका ऑगस्टात झेंडावंदनाच्या तालमीला निघते आणि पोचत नाही. पुढची दोन प्रकरणं तिच्या वर्गाची. तिच्या जागेवर कुणी बसायचं, हजेरीत तिचं नाव आलं की काय म्हणायचं. तेवीस वर्षं मुलं हे वाचतायत. मला पत्रं लिहितात. तिला वाचवा, असं एकानेही लिहिलं नाही.

दुसऱ्याने लिहिलेली रतन आज पहिल्यांदा वाचली. चांगलं बोलते. नको तिथे हसते.

१२ नोव्हेंबर

वसंतांनी विचारलं, ‘सही केलीस तेव्हा करार वाचला होतास?’

सातवं कलम — ‘आवश्यक ते सर्व बदल’. मी फक्त पुस्तकाचं नाव बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं होतं.

१४ नोव्हेंबर

बालदिन म्हणून वरवे बुद्रुकच्या शाळेत बोलावलं होतं. मुद्दाम शेवटचं प्रकरण वाचलं. मनात होतं की विराजला सांगेन, बघ, मुलांना झेपतं.

झेपलं. कुणी रडलं नाही. मग दुसऱ्या रांगेतली प्रेरणा नावाची मुलगी उठली. वेण्या घट्ट, कपाळावर आठ्या.

‘येवढं पानी व्हतं, तर त्या बाईंनी साळंला सुट्टी का न्हाई दिली?’

म्हटलं, ‘गोष्टीतल्या बाईंना माहीत नव्हतं पाणी किती चढलंय ते.’

‘का न्हाई म्हाईत? पाऊस तर त्यांच्या घरावरबी पडत आसंल की.’

पोरं हसली. मुख्याध्यापिकांनी तिला खाली बसवलं आणि मला नारळ दिला. परत येताना नसरापूरपर्यंत तो नारळ मांडीवरच होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

विराज घरी आला. बत्तीस वर्षांचा असेल. बूट दाराबाहेर नीट जोडीने लावले. मला वाटलं होतं, भांडायला सोपा असेल. नव्हता.

मी लगेच विषयाला हात घातला. मुलांना खोटं सांगायचं नाही. मरण मुलांना कळत नाही असं तुमच्या कंपनीला वाटतं का?

‘कंपनीचं सोडा मॅडम. त्यांना आनंदी शेवट हवाय, ते त्यांचं गणित. मी माझं सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना पुस्तक वाचलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी आईला घराबाहेर पडू देत नव्हतो. दारात आडवा झोपायचो. तुम्ही रतनला मारलंत. मी तेव्हापासून तिला बाहेर काढतोय.’

‘मी नाही मारलं!’ माझा आवाज चढला. ‘ती खरी होती. मंगल तिचं नाव. पासलीची. माझ्या वर्गात होती. बारा ऑगस्ट चौऱ्याण्णव.’

हे मी प्रकाशकांनाही कधी सांगितलं नव्हतं. वसंत चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

विराज हळू आवाजात म्हणाला, ‘तिच्या घरी कोण आहे?’

‘आई. असेल अजून.’

‘त्यांना पुस्तक कसं वाटलं?’

‘त्यांना वाचता येत नाही.’

‘म्हणजे... असं पुस्तक आहे, हेच त्यांना माहीत नाही?’

चहा झाला. तो गेला. जाताना वाकून नमस्कार केला, तो मला नकोसा झाला.

मला न विचारता माझी रतन बदलली म्हणून मी आठवडाभर फणफणतेय. मी कुणाला विचारलं होतं?

२० नोव्हेंबर

मतदान केलं. रांगेत दोघींनी विचारलं, पिक्चर कधी येणार? म्हटलं, बघू.

२१ नोव्हेंबर

कंपनीला पत्र पाठवलं. रतनला वाचवणार असाल तर माझं नाव काढा. वसंतांनी दोन विशेषणं खोडली. बरं केलं.

२५ नोव्हेंबर

उत्तर आलं. ‘आपल्या भावनांचा आदर आहे.’ शेवट तोच राहील. चित्रीकरण फेब्रुवारीत. नाव काढायला त्यांची हरकत नाही!

हरकत घेतील, विनवण्या करतील, असं मला का वाटलं होतं कोण जाणे. सहासष्टाव्या वर्षीही माणूस किती स्वतःला फुगवून बसतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पासलीला जाऊन आले.

नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्यातून पुढे जीप. रस्ता आता डांबरी. ओढ्यावर सिमेंटचा पूल, त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. मला शाळाच ओळखू येईना. जीपवाल्याला मंगलच्या आईचं घर विचारलं, बनाबाई कुठे राहतात? त्याने बोट दाखवलं.

अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घातलं होतं. बनाबाई काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, मुलगा-सून झोडणीला गेलेले. मी ‘बनाबाई’ म्हणून हाक मारली, तर वर बघायच्या आतच म्हणाल्या —

‘नलूबाई न्हवं? साळंतल्या?’

तीस वर्षांनी. नुसत्या आवाजावरून.

कोरा चहा दिला. गुडघ्यांची चौकशी केली — माझ्या! मग मी सांगून टाकलं. मंगलवर पुस्तक लिहिलंय. फार वर्षं झाली. तुम्हाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

‘आमच्या मंगलवर? तिच्यावर काय लिवनार? धा वर्सांची बी न्हवती.’ पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावरच्या मुलीवरून अंगठा फिरवला. ‘ही तशी न्हाई दिसत. मंगलचं नाक बसकं व्हतं. वाचा की.’

वाचलं. रतन सकाळी लवकर उठते, झेंड्याची दोरी धरायला मिळणार म्हणून कुणालाही न सांगता निघते. आई तेव्हा शेतात असते. इथपर्यंत आले आणि बनाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘आसं न्हाई झालं बाई.’

मी थांबले.

‘ती जातच न्हवती. म्हनली, आये, पानी लई हाय, मला भ्या वाटतंय. म्याच धाडली. दप्तर म्याच खांद्याला अडकिवलं. म्हनलं, बाईंनी बोलिवलंय ना, मग जा मुकाट.’

कोंबड्या भातात शिरल्या होत्या. त्यांनी हाकलल्या नाहीत.

मी पिक्चरचं बोलू लागले. एक पोरगा पिक्चर काढतोय, त्यात मुलगी वाचते, माझं त्याच्याशी भांडण चालू आहे.

‘वाचती?’ त्या एकदम माझ्याकडे वळल्या. ‘मग वाचू द्या की! तुमचं काय जातंय त्यात?’

मग, अगदी हळू — ‘आन येक करा बाई. त्येला सांगा, आये धाडती आसं दावू नगं. म्या ह्ये कुनालाच बोलले न्हाई. मालक गेले, त्येंनाबी न्हाई.’

जीपपर्यंत सोडायला आल्या. पिशवीत शेरभर नवे तांदूळ घातले. नको म्हणायचीही मला लाज वाटली.

३० नोव्हेंबर

तिथेच बोलायला हवं होतं.

३ डिसेंबर

विराजचा फोन. ‘गेला होतात का?’ म्हटलं, गेले होते. मुलगी वाचू द्या म्हणतात.

मला वाटलं, जिंकल्यासारखा हसेल. हसला नाही. मग म्हणाला, ‘जानेवारीपर्यंत पटकथा माझ्या हातात आहे मॅडम. कंपनीशी भांडायचं झालं तर मी भांडेन. पण कशासाठी भांडायचं ते तुम्ही दोघींनी सांगा.’

दोघींनी!

५ डिसेंबर

लिहूनच टाकते. ही वही कुणी वाचत नाही, तरी या वहीतही मी हे आजवर लिहिलेलं नाही.

अकरा ऑगस्ट चौऱ्याण्णव, दुपार. वर्ग गळत होता. पोरं एका भिंतीला सरकून बसलेली. पंधरा ऑगस्टला शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी येणार होते, आणि माझी कवायत तालुक्यात चांगली दिसायला हवी होती. मी म्हटलं, उद्या सगळ्यांनी यायचंच. जो येणार नाही त्याचं नाव पटावरून काढून टाकीन. पाण्याची सबब मला सांगायची नाही.

मंगल उभी राहिली. ‘बाई, साकवाचं येक लाकूड गेलंय.’

मी म्हटलं, ‘खाली बस.’

बसली.

दुसऱ्या दिवशी मी वेल्ह्यातल्या खोलीवरून निघाले, तर पासलीची एसटीच सुटली नव्हती. रस्त्यावर पाणी. तासभर स्टँडवर थांबले आणि खोलीवर परत येऊन भजी तळली. पाण्याची सबब! शाळा भरलीच नाही त्या दिवशी. जी पोरं ओढ्याच्या अलीकडची होती ती कुलूप बघून घरी गेली. मला संध्याकाळी कळलं.

चौकशीत कुणी मला काही विचारलं नाही. मुलं बोलली नाहीत. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली.

सात वर्षांनी पुस्तक लिहिलं. त्यातल्या बाई पावसात ओढ्याकाठी धावत जातात, पदर चिखलात, रतनला हाका मारतात. या प्रसंगाला मुलं हमखास रडतात. आणि रतन आपल्या हौसेनं निघते, तिला कुणी बोलावत नाही, कुणी धाडत नाही.

कंपनीने रतनला वाचवलं. मी मला वाचवलं होतं.

आणि खऱ्यासाठी भांडते म्हणून गावभर मिरवत होते. एकाच माणसाने खरं सांगितलं, बनाबाईंनी. तेही अर्धंच त्यांच्या हातात आहे. त्यांना वाटतंय, बाईंनी नुसतं ‘या’ म्हटलं होतं, आणि आपण बळे धाडली. तीस वर्षं त्या एका ‘जा’साठी स्वतःला खातायत. मी समोर बसून चहा प्यायले.

७ डिसेंबर

सकाळी चहा घेताना वसंतांना सांगितलं. सगळं, भज्यांसकट.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मला वाटलं, म्हणतील, तू तरी काय करणार होतीस. तसं म्हणाले असते तर मी मानलंही असतं.

‘हे पहिल्यांदा ऐकायचा माणूस मी नव्हतो नलू,’ म्हणाले. ‘सातची एसटी आहे नसरापूरला.’

८ डिसेंबर

गेले नाही. बीपीचं निमित्त केलं.

९ डिसेंबर

गेले.

अंगणात उभ्याउभ्याच सांगितलं. नाव काढीन म्हणाले होते ते. मंगल उठून उभी राहिली होती ते. ‘खाली बस’ ते. बनाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या —

‘त्या पोराला सांगा, आये धाडती त्ये दावलं तरी चालंल. बाईबी दावा. आन पोरीला वाचवू नगा. ती गेलीया.’