बिनकामाचं चालणं

तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या माणसाबरोबर चालायला, बाबा? आपल्या घरात बिनकामाचं कुणी चाललंय कधी? गुरांमागं चालायचं, भारा घेऊन चालायचं, कर्जतच्या बाजाराला चालायचं. उगाच पाय मोकळे करणाऱ्यावर आई खेकसायची, "काय रं, गुरासारखा हिंडतोस?" फेरफटका हा शब्द आपल्या दारात आणला त्या गाडीवाल्यानं. शेजारची जमीन त्यानं नुकतीच घेतली होती. "चला काका, जरा फेरफटका मारू," म्हणाला, आणि तुम्ही निंदणी अर्धी टाकून, टोपी झटकून निघालात, लग्नाला निघाल्यासारखे. मी तुमच्या मागं, अनवाणी.

तो झाडं बघत होता. मधेच सहज विचारायचा, "तुमची हद्द इथनंच ना?" तुम्ही हसत पुढं. मागून त्याचा गडी तुमच्या पावलांवर खुंट्या ठोकत येतोय, मला दिसतंय, तुम्ही वळून बघत नाही. आपल्याकडे मालक चालेल ती हद्द, कागद नंतर. वरच्या अंगाला विहीर, तिच्या पल्याड आजोबांनी पुरलेला हद्दीचा दगड. तिथवर तुम्ही गेलाच नाहीत. जांभळीपाशी वळलात. आठ दिवसांत तारेचं कुंपण आलं आणि विहीर तारेच्या आत गेली. "पाणी न्या की काका, कोण अडवतंय?" एवढ्यावर तुम्ही गप्प बसलात, ते मरेपर्यंत.

इतकी वर्षं तारेतल्या फटीतून हंडा नेला. आता त्या जमिनीला नवा मालक आलाय, त्याला भिंत घालायचीय. रोज दिवस कलला की त्याची दोन माणसं येतात.

"काय बघता रं?"

"काय नाय मावशी, फेरफटका मारतोय."

"फेरफटका मारणारा पावलं मोजतो का रं?"

एक जण हसला. दुसरा हसला नाही, घराकडं बघत राहिला. तेव्हापासून कुत्रा बाहेर येत नाही. काल सकाळी आपल्या पडवीच्या खांबावर लाल रंगाची रेघ होती. तार कुठं, पडवी कुठं!

आणि तुमचा नातू, रसायनीच्या कारखान्यात लागलाय, तो परवा बूट घालून म्हणतो, "आई, जरा फेरफटका मारून येतो त्यांच्यासंगं."

"कुठवर?"

"हितंच गं. तुला सगळ्यांचाच संशय!"

मी दारात उभी. तो पुढं बोलत चाललाय, आणि त्याच्या मागं कुणीतरी वाकून काहीतरी ठोकतंय. मी हाक मारली. त्यानं नुसता हात हलवला.

सोमवारी मोजणीवाले येणार. दगड दाखवा म्हणतील. मी पहार घेऊन तारेतल्या फटीतून आत शिरले, तीन दिवस विहिरीपल्याड खणलं, करवंदीच्या जाळ्या उपटल्या, दगड नाही.

गावात मी सांगत आले की त्या गाडीवाल्यानं तुम्हाला भुलवलं. तसं नव्हतं. माझ्या पायात काटा मोडला होता, मी भोकाड पसरलं, "घरी चला," म्हणून तुमचं धोतर ओढलं. म्हणून तुम्ही वळलात. हे मी आईलासुद्धा बोलले नाही. हा कागदही कुठं धाडायचा नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवतेय.

पण दगड कुठं आहे ते मला रविवारच्या आत कळलं पाहिजे. स्वप्नात या, कुणाच्या अंगात या, कसंही या. सोमवारी येऊन उपयोग नाही.