मुठीजवळचं काळं

बाबा, तुमची ती सुरी सध्या फरीदाबादला माझ्या प्रयोगशाळेत आहे. काळजी करू नका, भाजी चिरायला नेलेली नाही. माझ्याकडे उत्खननातली दगडी पाती येतात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती लाकडी दांड्यात बसवलेली असतात. लाकूड केव्हाच कुजून जातं, पात्याच्या बुडाशी काळा डाग तेवढा उरतो. तो कशाचा, हे सांगणं माझं काम. मागच्या आठवड्यात असंच एक पातं उचलून शेजारच्या विभागातले साहेब म्हणाले, "मॅडम, गंदगी लगी है, धो दूँ?" मी अशी ओरडले की त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. मग यंत्राने सांगितलं ते मी आधीच ओळखलं होतं: झाडाची राळ आणि मधमाश्यांचं मेण एकत्र तापवलेलं, त्यात गेरू. ही कृती मी कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये आपल्याच गॅसवर पाहिलेली आहे.

सुट्टीच्या दिवशी सुरीचं पातं मुठीत बसवायला तुम्ही पळीत राळ वितळवायचात, त्यात मेण, मग विटेची पूड. आई कुरकुरायची, "अहो, पळी गेली माझी!" तुम्ही मला सांगत असायचात, "नुसती राळ तडकते. मेणाने चिवट होते." पुढे रसायनशास्त्र शिकले, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. दहा वर्षांची असताना मात्र मला त्याची लाज वाटायची. वर्गातल्या मैत्रिणी घरी येणार म्हणून मी सुरीच्या मुठीजवळचं ते काळं गरम पाण्यात, तारेच्या घासणीने घासून काढलं. संध्याकाळी दुधी चिरताना पातं मुठीतून निसटलं आणि आईच्या तळहाताला टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही म्हणालात, "चूक माझी. राळ कच्ची राहिली." चोराच्या मनात चांदणं, मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पातं पुन्हा बसवलंत आणि राळ थंड होईपर्यंत मूठ मला धरायला लावलीत. "हलवू नको. आणि ते काळं म्हणजे मळ नसतो, बरं का." मला वाटलं, सहज बोललात.

काल तुलनेसाठी तुमच्या राळेचा कणभर तुकडा काढला आणि सुरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुकडा निघाला तिथे, राळेच्या खाली, पात्यावर, घासणीचे बारीक ओरखडे होते. वर राळ बसलेली, म्हणजे ती लावताना ते तुमच्या डोळ्यांसमोर होते. धारेतली केसाएवढी खाच तुमच्या नजरेतून सुटत नसे, हे ओरखडे कसे सुटतील? मी तिथेच रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला फसवलं.

दगडी पात्यांच्या अहवालावर मी बेधडक सही करून देते, कुणाला भीत नाही. पण आई आता आर. के. पुरमच्या घरी माझ्याकडेच असते. आज सकाळी ती म्हणाली, "ती सुरी परत आणूच नकोस. ह्यांची राळ कच्चीच होती." मी हो म्हटलं, बाबा.