राखणीच्या तासातली उरलेली बावीस मिनिटे

प्रति,
मा. पुनर्बांधणी अधिकारी,
कॅथेड्रल पुनर्बांधणी कार्यालय,
तळमजला, खिडकी क्र. ३ मार्फत.

विषय : जळालेल्या कॅथेड्रलच्या छपराच्या जागी, पत्र्याच्या कुंपणाच्या आत, एक दिवस बावीस मिनिटे बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची त्यांवरील तीन उत्तरे (तिन्हींचा मजकूर एकच).
३) आग चौकशी अहवाल, पान ४१.

महोदय,

आपल्या कार्यालयात अर्जदाराचे तोंड आता शिपायापासून सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. तरी रीत म्हणून पुन्हा सांगणे आहे की, अर्जदार हा शिशाचे पत्रे झाळणारा, म्हणजे ते वितळवून जोडणारा कामगार असून कॅथेड्रलच्या छपराची डागडुजी एकोणीस वर्षे त्याच्याकडे होती. अर्जदार तेथे प्रार्थनेला कधीही गेलेला नाही. त्याला ती इमारत आतून कमी आणि वरून जास्त माहीत होती. ती आपल्याला किती प्रिय आहे हे ती जळेपर्यंत त्याला कळले नाही, आणि कळले तेव्हा कोणाला सांगायला तोंड उरले नव्हते.

१. मागील अर्जांत राखणीचा तास म्हणजे काय हे नीट लिहायचे राहून गेले होते, ते आता लिहितो. छपरावर वरून शिसे होते आणि खाली जुने, वाळून खडखडीत झालेले लाकूड. शिशाचा सांधा झाळायला गॅसची बत्ती लागते. म्हणून या कामात नियम असा की, शेवटची बत्ती विझवली की कामगाराने पाण्याच्या दोन बादल्या घेऊन तिथेच एक तास बसायचे. यालाच कामगार राखणीचा तास म्हणतात. त्या तासात करण्यासारखे काही नसते. अधूनमधून सांध्याजवळच्या लाकडाला उलटा हात लावून पाहायचा, एवढेच. तळहात लावायचा नाही, कारण पत्रेवाल्याच्या तळहाताला घट्टे पडून त्याला काही कळेनासे झालेले असते. लाकूड आतून धुमसत असेल तर कधी कधी पाऊण तासानंतर ते गरम लागू लागते. तास भरला की खाली यायचे आणि जिन्याच्या पायथ्याशी टांगलेल्या वहीत बत्ती विझवल्याची वेळ आणि खाली उतरल्याची वेळ लिहून सही करायची. शेजारी जिन्याचे दार सांभाळणाऱ्याची सही घ्यायची.

२. जिन्याचे दार सांभाळत ते किल्लीमामा. कमरेला सदतीस किल्ल्यांचा जुडगा असे म्हणून मुलांनी हे नाव पाडले, मग मोठेही तेच म्हणू लागले. दारे, झाडलोट आणि मेणबत्त्यांचा स्टँड हे सारे त्यांच्याकडे. लग्न केले नाही, मागच्या खोलीत राहात, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. मामांची एक सवय येथे सांगणे भाग आहे. ते प्रार्थनेला बसले आणि कोणी दार उघडायला हाक मारली तर मध्येच उठत, आणि परत आले की जिथे सोडली त्याच शब्दापासून प्रार्थना पुढे सुरू करत. एकदा पाय मोडून तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आल्यावर तीन आठवड्यांपूर्वीचा शब्द पकडून पुढे निघाले. अर्जदाराने तेव्हा चेष्टेने विचारले होते, "काय मामा, देव इतके दिवस तिथेच थांबून राहिला असेल का?" मामा म्हणाले, "राहिलेलं कुठे जात नाही रे. ते असतं तिथेच. आपण जायचं आणि पुरं करायचं." अर्जदार हसला होता. प्रस्तुत अर्जाला आता त्या वाक्याखेरीज दुसरा कोणताही आधार नाही.

३. गेल्या वर्षी ३ ऑक्टोबर रोजी अर्जदाराने दुपारी ४.०५ वाजता बत्ती विझवली. घरी जाण्याची बस ४.५० ची होती. ती चुकली तर पुढची ५.४० ची. अर्जदार ४.४३ ला खाली उतरला आणि वहीत उतरल्याची वेळ ५.०५ अशी लिहिली. मामांनी चष्मा कपाळावर असतानाच सही केली. एकोणीस वर्षांत अर्जदाराने लिहिलेले त्यांनी कधी वाचून पाहिले नव्हते. घरी कोणी आजारी होते काय, असे खिडकी क्र. ३ वरील ताईंनी दोनदा विचारले. तसे असते तर अर्ज बरा दिसला असता, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु घरी सर्वजण ठणठणीत होते. बस चुकू नये, एवढेच कारण होते. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि अर्जदार स्वतःवर खूश झाला, हेही खरे आहे व लिहिताना लाज वाटते. घरी पोचून बूट काढत असताना गच्चीवर कपडे आणायला गेलेली बायको तिथूनच ओरडली, "अहो, तुमचं चर्च जळतंय!" त्याआधी ते आपले आहे असे अर्जदाराला कोणी म्हटले नव्हते.

४. चौकातल्या फुलवालीने चौकशीत जबाब दिला की तिला पाच वाजता उत्तरेकडच्या छपरातून धुराची बारीक रेघ दिसली. हा जबाब अक्षरशः खरा असावा. त्या वेळी अर्जदार जागेवर असता तर त्याच्या उलट्या हाताला ते लाकूड चटका देऊन गेले असते, आणि दोन बादल्या पुरल्या असत्या. परंतु अहवालाच्या पान ४१ वर असे नमूद आहे की, "पत्रेकामगार ५.०५ पर्यंत जागेवर हजर असल्याचे नोंदवहीवरून सिद्ध होते व त्यास धूर आढळलेला नाही, सबब फुलविक्रेतीने सांगितलेली वेळ चुकीची समजण्यात येते." जिने खरे पाहिले तिला अर्जदाराच्या अक्षराने खोटे पाडले. वही टांगलेला जिन्याचा मनोरा दगडी असल्याने तेवढी वहीच काय ती वाचली.

५. अशा प्रकारे छपरावरचे काम संशयातून सुटले. अहवालाने आगीचे कारण 'अज्ञात' ठरवले. आता अज्ञात कारण सरकारला चालते, शहराला चालत नाही. राहिला मेणबत्त्यांचा स्टँड, आणि खापर मामांच्या डोक्यावर फुटले. स्टँड छपरापासून तीस मीटर खाली होता, पण बोलणाऱ्याला मीटर लागत नाहीत. ज्या बाईने वीस वर्षे मामांकडून मेणबत्ती पेटवून घेतली तीच त्यांना पाहून रस्ता ओलांडू लागली. खोली जळाल्यावर मामा आपल्या भाचीकडे राहू लागले. शिवणकामावर घर चालवणारी ही भाची सांगते की ते हात जोडून तासन्‌तास बसत, पण ओठ हलत नसत. आगीची आरोळी झाली तेव्हा ते प्रार्थनेला बसलेले होते आणि उठून धावले होते. कुठल्या शब्दावर उठलो तेच आठवत नाही, असे म्हणत. सकाळ झाली की जुडगा कमरेला लावून पत्र्याच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. ज्या दारांच्या किल्ल्या होत्या त्यांतले एकही दार शिल्लक नव्हते.

६. हे सारे अर्जदार आठ महिने उघड्या डोळ्यांनी पाहात होता आणि मूग गिळून गप्प होता. मुकादम म्हणाले, "सही आहे ना? मग तास आहे. विषय संपला." बायको म्हणाली, "तुम्ही बोललात तर हातचं काम जाईल, आणि चर्च काही उभं राहणार नाही." दोघांचेही बरोबर होते, म्हणून गप्प बसणे सोपे गेले. शेवटी जूनमध्ये अर्जदार भाचीच्या घरी गेला आणि मामांना सांगितले, "मामा, मी बावीस मिनिटं आधी उतरलो होतो. वहीत खोटं लिहिलं." मामांनी सगळे ऐकून घेतले. मग कितीतरी दिवसांनी हसले, असे भाची म्हणते. म्हणाले, "वहीत पाच-पाच आहे. खाली माझी सही आहे. तू पुरा तास बसलास. म्हाताऱ्यासाठी खोटं बोलायला आलास, भलं होवो तुझं. पण माझं पाप तू अंगावर घेऊ नकोस." अर्जदाराने शपथ घेतली. बसचे सांगितले, खिडकीच्या जागेचेही सांगितले. जितके सांगावे तितका मामांचा अर्जदाराच्या चांगुलपणावरचा विश्वास वाढत गेला. अर्जदार त्या दिवशी रस्त्यात उभा राहून रडला.

७. मामा माणसाचे ऐकणार नाहीत पण कागद मानतील, हे ध्यानात घेऊन अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला की, नोंद दुरुस्त करून अर्जदारास दोषी ठरवावे. खिडकी क्र. ३ वरील ताई म्हणाल्या, "अहो, लोक निर्दोष ठरवा म्हणून अर्ज करतात. तुमचा हा कुठल्या फायलीत लावू?" शोधून त्यांनी तो 'इतर' या फायलीत लावला. उत्तर आले की, नोंदवही परिपूर्ण असून नोंदीत बदल करावयाचा झाल्यास तीवर सही करणाऱ्या दोघांची संमती आवश्यक आहे. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. अर्जदार संमतीपत्र घेऊन मामांकडे गेला. खोट्या कागदावर सही करणार नाही, असे मामांनी हात जोडून सांगितले. दुसरा व तिसरा अर्ज याच जागी येऊन अडले. भावनांची नोंद मात्र तीनदा झाली आहे.

८. या महिन्याच्या २ तारखेला मामा गेले. आग आपल्याच हातून लागली असे समजून गेले. त्यांचा शब्द त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. दुसऱ्याच सकाळी भाची अर्जदाराच्या दारात आली आणि जुडग्यातली एक किल्ली हातावर ठेवून म्हणाली, "मामा म्हणाले, पत्रेवाल्याला द्या. माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झालेला तो एकटाच." ती छपराच्या जिन्याची किल्ली आहे. ते दार अग्निशामक दलाने कुऱ्हाडीने फोडले, त्याची फळीही उरलेली नाही. अर्जदाराने किल्ली घेतली.

९. सही करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मयत झाल्याने आता दोघांची संमती कधीच होणार नाही. नोंद आहे तशीच राहील. अर्जदाराने त्या मागणीवर पाणी सोडले आहे व ती या अर्जाद्वारे मागे घेत आहे. कुंपणावर लावलेल्या आपल्या सूचनेवरून असे कळते की, नवे छप्पर सिमेंटचे होणार असून येत्या ३ ऑक्टोबरपासून उत्तरेची बाजू बंद होईल, आणि यापुढे छपरावर बत्ती पेटणार नाही. म्हणजे राखणीचा तासही यापुढे कोणाला बसावा लागणार नाही. हे उत्तमच झाले. परंतु एका तासातली बावीस मिनिटे बाकी आहेत. ती जागा बंद होण्यापूर्वी अर्जदारास कोणत्याही एका दिवशी ४.४३ ते ५.०५ तेथे बसू द्यावे, एवढीच विनंती आहे.

१०. छप्परच नाही तर बसणार कुठे, असा प्रश्न आपण विचाराल. अर्जदाराने रस्त्यावरून फळ्या मोजल्या आहेत. उत्तरेकडच्या परांचीचा सातवा टप्पा बरोबर त्या उंचीला येतो. वर जाऊ देणे सुरक्षेत बसत नसल्यास त्याच्या सरळ खाली, जमिनीवर बसण्याचीही तयारी आहे. दोन बादल्या अर्जदार स्वतःच्या आणील, पाणीही घरून आणील. शिरस्त्राण घालील. कशालाही हात लावणार नाही. उलटा हात पुढे धरील, पण तिथे लाकूड नाही, त्यामुळे त्यास हात लावणे म्हणता येणार नाही, याची कृपया नोंद व्हावी. देखरेखीस माणूस द्यावयाचा असल्यास घड्याळ असलेला द्यावा.

११. याने काय साधणार, असे बायकोनेही विचारले. जळालेले परत येत नाही. मामा ऐकायला नाहीत, आणि असते तरी हेही त्यांनी अर्जदाराच्या भलेपणातच जमा केले असते. देव आहे की नाही हे अर्जदारास आजही ठाऊक नाही. चांगले काही होईल अशी आशा त्याला नाही म्हटले तरी चालेल. फक्त, राहिलेले तिथेच असते आणि जाऊन पुरे करता येते, असे सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे पुरे करता आले नाही, आणि ते अर्जदारामुळे. तेव्हा ते वाक्य तरी खोटे पडू नये असे अर्जदाराला फार वाटते. याला श्रद्धा म्हणत असल्यास तसे समजावे.

१२. परवानगी नाकारल्यास अर्जदाराची तक्रार राहणार नाही. भावनांची नोंद मात्र आणखी घेऊ नये. अशा वेळी अर्जदार २ ऑक्टोबर रोजी त्या वेळात कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा राहील. रस्त्यावर उभे राहायला परवानगी लागत नाही, हे ताईंनी विचारून सांगितले आहे. पण ते बसल्याचे धरता येणार नाही, हे अर्जदार जाणून आहे.

उत्तराची नम्रपणे वाट पाहणारा,

(सही)
शिशाचे पत्रे झाळणारा कामगार, हजेरी क्र. १४

सोबत :
१) नोंदवहीच्या पानाची प्रत (दोन सह्यांसह).
२) संमतीपत्र (एकच सही असलेले).
३) छपराच्या जिन्याची किल्ली, एक (खिडकीवर दाखवली, तूर्त अर्जदाराकडे). दार अस्तित्वात नाही. अर्जदार वर जाऊन आल्यावर ती कार्यालयाने ठेवून घ्यावी, त्याआधी नको.

दिनांक : १९ सप्टेंबर
सही केल्याची वेळ : सकाळी ११.२०, आपल्या कार्यालयातील भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. ते घड्याळ चार मिनिटे पुढे आहे. खरी वेळ ११.१६.