बाटलीवर काही लिहिलं नव्हतं

६ जानेवारी, मंगळवार
कामाची बाई आज आली नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून निरोप, जमत नाही म्हणे. ही तिसरी. पहिलीनं मिक्सरची मोटार नळाखाली धरून धुतली. दुसरी आठ दिवस आली, मग आपल्या जागी नणंदेला पाठवायला लागली. नणंद पुसायची कमी, कपाटं उघडायची जास्त. तिसरीचं काम चांगलं होतं. तिनं परवा बैठकीतला बुद्धांचा फोटो पाहिला, आडनाव विचारलं, आणि आता जमत नाही. का, ते विचारायला मी गेले नाही.
आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. वॉकरशिवाय हलायचं नाही असं बजावलंय, तरी शाळेतून आले तर बसल्या बसल्या सरकत फरशी पुसत होती. भांडण झालं. नवऱ्याची नोकरी जालन्याला, मिलिंद शनिवारी येणार. मी एकटी कुठं कुठं पुरू. माणूस मिळायलाच पाहिजे.

९ जाने., शुक्र.
मिळाली. पिठाच्या गिरणीत बाईसाठी विचारत होते, मागं दळण घेऊन एक उभी होती. कोपऱ्यापर्यंत माझ्यामागं आली. नाव कुशावर्ता. चाळिशीच्या आतली, नवरा वारलाय, दीर-जावेजवळ राहते, मानवतच्या पुढं कुठलं तरी खेडं.
"येते मॅडम. बारा ते दोन. पण कुनाला सांगू नका. घरी म्या कापसाच्या जिनिंगवर हाय म्हनून सांगितलंय."
मराठ्याची आहे. ती लोकांची बाथरूम धुते, तेही आमच्यासारख्या बौद्धाच्या घरी, हे दिराला कळलं तर तिचं घराबाहेर पडणं बंद.
"मग कशाला येतेस?"
"शेतात राबते ते समद्यांचं. हे माजं."
फोन नंबर घेतला नाही. गावाचं नाव सांगितलं ते नीट ऐकलंही नाही. उद्यापासून येशील का, एवढंच मला पाहिजे होतं.

१४ जाने., संक्रांत
काम चोख. वाकून कोपरे काढते. येताना तोंडाला स्कार्फ, चपला दाराबाहेर ठेवत नाही, आत घेते. चहा विचारला की "आत्ताच पिले".
आईचं विचित्र चाललंय. ती काम करताना आईला बसवत नाही. आपलं ताट आपण धुते. मी कुशावर्ताला तू म्हणते, आई तुमी म्हणते. आज विचारलं तर म्हणाली, "जीभ वळत न्हाई." वालूरला अशाच घरच्या गोठ्यात आईनं वीस वर्षं शेण काढलंय.
तिळगूळ दिला. तिनं पदराला बांधला. खाल्ला की नाही माहीत नाही.

२० जाने., मंगळ.
बोअरच्या पाण्यानं बाथरूमची फरशी पांढरी पडलीय. आईचा पाय घसरेल ही धास्ती. हार्डवेअरच्या दुकानातून सुटं अ‍ॅसिड आणलं. त्यानं दिलेल्या बाटलीचं झाकण गळत होतं, पिशवीला भोक पडलं. घाईत फिनेलच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं, बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलं. रविवारी मी घरी असताना कुशावर्ताकडून करून घेईन.
बाटलीवर लिहायचं राहिलं. तपासणीला अधिकारी येणार म्हणून मुख्याध्यापक आमच्या मागं लागलेत, सगळी रजिस्टरं घरी आणलीत. उद्या लिहीन.

२२ जाने., गुरु. परभणी, दवाखान्याच्या बाकावर
दुपारी एकला शाळेत आईचा फोन. "सुनंदा, कुशावर्ताबाई पडल्या."
क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं जागेवर राहणार नाही. तिनं बाथरूममधल्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकली. घरात पाणी येऊ नये म्हणून दार लावून घेतलं. सर्दी झालेली, स्कार्फ तोंडालाच, वास कळला नसावा. मग फिनेल समजून ती बाटली ओतली. आईला आधी खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. आईनं वॉकर घेऊन जाऊन दार ढकललं, तर आतून पिवळट धूर. शेजारचे दिगंबरभाऊ जेवायला घरी आले होते म्हणून बरं. नाकाला टॉवेल बांधून त्यांनी तिला बाहेर ओढलं, स्वतःच्या रिक्षात घातलं. मानवतच्या दवाखान्यात म्हणाले, परभणीला न्या.
डोळे सुजलेत, पावलांवर फोड, ऑक्सिजन. श्वास घेताना छातीतून घरघर.
डॉक्टरांनी विचारलं, काय काय मिसळलं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग, मी सांगितलं. कुणी मिसळलं?
"तिनंच. मी शाळेत होते."
त्यांनी लिहून घेतलं. यातला एकही शब्द खोटा नाही.
पाचला तिच्या पिशवीत फोन वाजायला लागला. 'भाऊजी'. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाले, जिनिंगवर कुशावर्ताबाईंना चक्कर आली, परभणीला आणलंय.
हे तिच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, आत्ता नको तो विचार.

२३ जाने., शुक्र.
दीर सकाळी मोटारसायकलवर आला. उंच, अंगानं वाळलेला, कमी बोलणारा. "तुमी कोन?" जिनिंगच्या ऑफिसात असते, म्हणाले. त्यानं हात जोडले. "तुमी होत्या म्हनून." मला त्याच्याकडं बघवेना.
कुशावर्ताचे डोळे पट्टीखाली. बोलायची मनाई. माझा आवाज ऐकला की हाताची बोटं हलवते.

२४ जाने., शनि.
दवाखान्यातून पोलिसांना कळवतातच, म्हणे. जमादार जबाब घ्यायला आले, दीर तेव्हा जिनिंगवर गेला होता, तिच्या दवापाण्याचं बोलायला. जमादारांना घर माझं, काम माझ्याकडं, हे सांगावंच लागलं.
"अ‍ॅसिड कुठं ठेवलं व्हतं?"
"बाथरूममध्ये."
"बाटलीत?"
"हो."
कसल्या बाटलीत ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सही केली. कच्चं आहे, सोमवारी ठाण्यात येऊन पक्कं करा, म्हणाले. मग म्हणाले, या सोमवारी सव्वीस, झेंडावंदन. पुढच्या सोमवारी या.
मिलिंद दुपारी घरी आले. सगळं ऐकून आधी दार लावलं. "ती बाटली फेकून दे. तिनं चुकून मिसळलं, एवढंच बोल. तुझी नोकरी आहे. आणि त्या लोकांना कळलं की त्यांची सून आपल्याकडं संडास-बाथरूम धुताना अशी झाली, तर काय होईल, सांगू का मी?" सांगायची गरज नव्हती. आम्ही दोघंही खेड्यातच वाढलो.
बाथरूममध्ये बाटली नाही. आईला विचारलं.
"माज्यापाशी हाय."
"कुठं?"
"तुला कशाला पायजे?"
मिलिंदनी लावलेलं दार उघडलं.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन उरकून परभणीला गेले. दीर वॉर्डच्या दारातच उभा. जिनिंगच्या मुनिमानं सांगितलं होतं, ही बाई दिवाळीपासून कामावर नाही. पुढचं त्यानं जमादारांकडून काढलं.
मला वाटलं हात उचलेल. त्यानं आवाजही चढवला नाही.
"तुमच्या घरी व्हती."
"हो."
"कवापासून?"
"पंधरा दिवस."
आडनाव विचारलं. सांगितलं. बराच वेळ खिडकीतून खाली पार्किंगकडं बघत राहिला.
"मॅडम, गावात जिनिंगमधलंच ऱ्हाऊ द्या. तुमी कुठं बोलू नका, आमी बोलत न्हाई. पोलिसात आमची तक्रार न्हाई."
"कुशावर्ताबाईंचं काय?"
"तिचं काय? अक्कल न्हाई तर घरी बसंल. बाहीर धाडून बघितलं, हे असं झालं."
मला सुटल्यासारखं वाटलं. ते तसंच इथं लिहून ठेवते. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, वारा लागला, पाथरी रोडला लागेपर्यंत मी चक्क झोपले.

२८ जाने., बुध.
डोळ्यांची पट्टी काढलीय. थोडं बोलते, आवाज पार बसलेला. मला खाली वाकवून विचारलं, "मॅडम, फिनेलच व्हतं ना ते? मग माज्या हातून काय चुकलं?"
मी म्हणाले, बोलू नको, घसा दुखेल.
"माजी जाऊ म्हनली, हिला डोळे असून दिसत न्हाई. म्या बाटली बघूनच घेतली व्हती. दोनदा बघितली."
नर्स आली. बरं झालं आली.

३० जाने., शुक्र.
आईनं हट्ट धरला, मला न्या. दिगंबरभाऊंच्या रिक्षातून स्टँड, मग वॉकरसकट एस.टी.त. कंडक्टर वैतागला. दवाखान्यात आई तिच्या खाटेला लागून बसली. दोघी फार बोलल्या नाहीत. तिला कोरड पडली तेव्हा नर्स लांब होती. आईनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि हातात धरून थांबली. कुशावर्तानं ती घेतली, तोंड लावून प्याली.
बाहेर व्हरांड्यात आई म्हणाली, "मी न्हाई सांगितलं तिला."
"मला माहीत आहे."
"वालूरला मालकिनीच्या सुनेनं म्हशीचं दावं सोडलं. म्हैस ज्वारीत शिरली, कोवळी ताटं इखारी असत्यात, खाऊन मेली. नाव माजं घेतलं. म्या सोडलं न्हाई हे मला ठाव व्हतं, तरी लय दिवस वाटायचं, आपल्याच हातून सुटलं असंल का? तिला तसं वाटायलंय. बघ तिच्या तोंडाकडं."
हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षांत एकदाही.
येताना एस.टी.त आईला खुबा दुखत होता.

१ फेब्रु., रवि.
मिलिंद काल आले नाहीत. मी पहिल्या गाडीनं परभणीला गेले. जाताना ठरवलं होतं, उभ्या उभ्या सांगून मोकळं व्हायचं. खाटेपाशी गेल्यावर आधी संत्री सोलत बसले. तीन सोलली.
मग सांगितलं. अ‍ॅसिड मी आणलं. फिनेलच्या बाटलीत मी ओतलं. वर काही लिहिलं नाही, तुला सांगितलंही नाही. डॉक्टर, जमादार, तुझे भाऊजी, तिघांनाही हे बोलले नाही.
तिनं छताकडं बघत ऐकलं. शिव्या देईल, रडेल, असं मला वाटत होतं. ओठ नुसते हलत होते.
"म्हंजी म्या बरुबर बघितलं व्हतं."
"हो."
"माजं चुकलं न्हाई."
"नाही."
पुन्हा एकदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मी माफी मागितली, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.
"हे भाऊजीला सांगा."
मी म्हणाले, तेच म्हणतायत ना, विषय नको. गावात कळलं तर तुलाच त्रास.
"त्रास व्हायचा तेवढा झाला की. ते म्हनायलेत, हिच्या हातून असं झालं, आता हिला कुठंच धाडायचं न्हाई. माज्या हातून झालं न्हाई. उद्या सुट्टी हाय मला. ते न्यायला येतील तवा तोंडावर सांगा. पोलिसाला बी तेच सांगा."
हो म्हणून उठले.
मिलिंदना फोन केला. म्हणाले, "तू एकटीनं ठरवू नकोस. यात मी आहे, तुझी आई आहे, आपलं घर आहे." त्यांचं चूक नाही. मलाही भीती वाटते.

२ फेब्रु., सोम.
किरकोळ रजा टाकली. अकराला पोचले. ती गादीच्या कडेला बसलेली, नवं लुगडं, पायाला बँडेज, पिशवी मांडीवर. दीर कागद घेऊन आला. मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.
मी सांगितलं. सुरुवात चुकली, पण बाटलीपासून जबाबापर्यंत सगळं सांगितलं.
त्यानं कागदांची घडी घातली. आजूबाजूच्या खाटांकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमी मला काय सांगितलं न्हाई. म्या काय ऐकलं न्हाई."
"म्या ऐकलं, भाऊजी," कुशावर्ता म्हणाली. तो घोगरा आवाज, तरी पलीकडच्या खाटेवरची म्हातारी वळून बघायला लागली.
तो पुढं निघाला. ती धरून धरून चालली, मला हात लावू दिला नाही. खाली जीप. तिला मागं बसवलं. दार लावताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोलिसात काय बोलायचं ते इचार करून बोला." धमकी होती की विनंती, मला कळलं नाही. जीप गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.
तिथूनच थेट ठाण्यात जाणार होते. गेले, तर जमादार बंदोबस्ताला पोखर्णीकडं. तिथला शिपाई म्हणाला, उद्या दहाला या.
घरी आले. आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "चालताना लय दुखत व्हतं का तिला?"
हो, म्हणाले.
मिलिंद रजा काढून उद्या सकाळी निघतायत. फोनवर म्हणाले, मी येईपर्यंत जाऊ नकोस. त्यांची गाडी मानवतला साडेदहाला पोचते.